हॉई बाईंच्या पबातली माझी राहिलेली फेरी

कोरालिन,
ऑगस्ट १९९१

तीर्थरूप अर्नमामांना लिंडनचा आदरपूर्वक नमस्कार.

तुमचा गुडघा क्वीन्सलंडच्या उन्हात मोकळा झाला असेल आणि मॅव्हिसताई आपल्या बापाला चहात साखर घालू देत असेल, असं धरून चालतो. (धरून चालतो म्हणतो, कारण ईस्टरनंतर तुमचं पत्र नाही. रागाने म्हणत नाही.) आई जीलाँगला मावशीकडे गेली, तिथे तिला शिवणकाम मिळालं. घरी मी एकटाच. घर नीटनेटकं ठेवलं आहे. एकट्याचं घर नीटनेटकं ठेवायला काहीच लागत नाही. संध्याकाळी कप जिथे ठेवावा तिथेच तो सकाळी असतो, आणि आता ह्याच गोष्टीचा मला कंटाळा येऊ लागला आहे.

पत्र लिहिण्याचं कारण एक शंका आहे. तुम्ही तीसच्या दशकातली मोठी मंदी पाहिलीत. ती संपली हे तुम्हाला कळलं कसं? कोणी येऊन सांगितलं का? इकडे ब्लँकेटची गिरणी बंद झाली तेव्हा निदान फाटकावर कागद तरी लागला होता. त्यात ‘तात्पुरती’ हा शब्द चुकीचा लिहिला होता, तो मी पेन्सिलीने दुरुस्त केला. (शब्दाचा अर्थही चुकीचा निघाला, पण तो माझ्या हातात नव्हता.) त्यानंतर काही नाही. माझ्या बरोबरीचे डेल आणि रॉबो पश्चिमेकडे खाणीवर गेले. आपल्याकडच्या फुटबॉलला लागतात ती अठरा माणसं संघाला मिळेनात, म्हणून संघ शेजारच्या गावाच्या संघात विलीन झाला आणि त्यांनी मला घेतलं नाही. तेही बरोबरच आहे, मी कधीच चांगला खेळत नव्हतो. आमच्याकडे माणसं कमी होती एवढंच.

राहता राहिला हॉई बाईंचा पब. तिथलं चित्र तुम्ही पाहिलंत तर ओळखणार नाही. माणसं येतात, शेकोटी असते म्हणून येतातच, पण प्रत्येक जण वेगळ्या टेबलावर, भिंतीकडे तोंड करून. कोणी कोणाशी बोलत नाही. बोललं की माणूस खुर्ची ओढतो, खुर्ची ओढली की कंपनी झाली, आणि कंपनी झाली की फेरी आली. (तुम्हाला सांगायला नको, दुसऱ्याच्या पैशाचा ग्लास घेतला की आपल्या फेरीत सगळ्यांना एकेक पाजल्याशिवाय उठता येत नाही. तसं उठण्यापेक्षा चोरी बरी.) खिशात एकाच ग्लासापुरते पैसे असलेल्या माणसाने ‘आज थंडी आहे’ असं म्हणणंसुद्धा धोक्याचं. म्हणून आठ माणसं आपापला एकेक ग्लास जपून पीत, खोकलासुद्धा दाबून बसलेली असतात. मी एकदा सुचवून पाहिलं की एकत्र बसू आणि ज्याचे त्याने पैसे देऊ. रंगखात्यातल्या क्लॅरीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याला कपडे काढायला सांगितलं होतं. एवढंच म्हणाला, “तुझ्या मामासमोर बोलला असतास का रे हे?” बोललो नसतो.

तर गेल्या महिन्यात एका शुक्रवारी घडलं ते असं. टीव्हीचा आवाज नेहमीसारखा बंद होता. मॉर्ट टली सहज उठला आणि त्याने बटण फिरवलं. त्याच क्षणी बातम्या देणारी बाई म्हणाली की मंदी संपली, कारखान्यांचे भोंगे पुन्हा वाजू लागले. आधीचं काही आम्ही ऐकलं नव्हतं.  मग मॉर्टने आपली खुर्ची उचलून मधल्या टेबलापाशी ठेवली, आणि मामा, आठ खुर्च्यांचा जो आवाज झाला तो मी विसरणार नाही. मॉर्टने सगळ्यांना पाजली. सोमवारी गिरणी बोलावणारच, मग हॉई बाईंच्या फळीवर खडूने उधारीची नावं लिहायला काय हरकत आहे? दुसरी फेरी क्लॅरीने दिली. लोक बोलत होते. क्लॅरीने मला माझ्या वडिलांची एक गोष्ट सांगितली, ते एकदा नुकत्याच रंगवलेल्या ओल्या लोकरीच्या गासडीवर झोपून गेले होते आणि उठले तेव्हा निळे होते. मी ती कधीच ऐकली नव्हती. तिसरी फेरी झाली. चौथी माझी होती.

मी उठलो, आणि टीव्हीवर तीच बातमी पुन्हा लागली. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, मी बघितलं की नीट बघतो. कामगार मोटारीतून गिरणीकडे चालले होते आणि मोटारी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालल्या होत्या. मी तसं म्हणालो. सगळ्यांनी वर पाहिलं. देश दुसराच होता.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. क्लॅरी माझ्या हाताकडे बघून (मी तो तेव्हा बारकडे वर केलेला होता) शांतपणे म्हणाला, “गाड्यांची बाजू तुला नेमकी आत्ताच दिसली होय, बाळा?”

मी काही म्हणायच्या आत हॉई बाई म्हणाल्या की बिअरचं पिंप संपलं, आज लवकर बंद. पिंप संपलेलं नव्हतं, मी स्वतः ते दुपारी भरलेलं हलवून ठेवलं होतं. त्यांनी दिवा घालवला, तो माझ्यासाठी घालवला हे सगळ्यांना कळलं, आणि त्यामुळे जास्तच वाईट झालं.

तेव्हापासून मी फेरी बुडवणारा. मी हॉई बाईंकडे शेकोटीची लाकडं फोडून आठ ग्लासांचे पैसे जमवले आणि परवा जाऊन म्हणालो, माझी राहिलेली फेरी घ्या. एकानेही घेतली नाही. आधी वाटलं राग आहे. मग हॉई बाईंनी फडक्याने बार पुसत सांगितलं, “अरे वेड्या, तुझी घेतली की पाचवी कोणी द्यायची?” हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे मंदी संपेपर्यंत मला फेरी देताही येत नाही. फेरी राहिलेले बाकी चार जण त्या दिवसापासून माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत, कारण मी दिली की वेळ त्यांच्यावर. म्हणून विचारतो की संपते कधी.

मॅव्हिसताईला आणि मुलांना माझा नमस्कार सांगा. गुडघ्याला ऊब ठेवा.

तुमचा भाचा,
लिंडन

ता. क. पैसे पाठवू नका. पैसे आहेत, तोच तर घोटाळा आहे.

ता. क. (दुसरा) हे पाकिटात घालण्याआधी पबात डोकावून आलो. टीव्हीवर पुन्हा सांगत होते की मंदीचा शेवट दिसू लागला आहे. ह्या खेपेला मी आधी देश बघितला. मोटारी डावीकडून चालल्या होत्या, आपलाच देश. एकानेही खुर्ची हलवली नाही.

ता. क. (तिसरा) एक गोष्ट आठवली, ती आधीच लिहायला हवी होती. तुम्ही जाताना निरोपाच्या रात्री सगळ्या पबाला पाजली होतीत आणि पहाटेच्या गाडीने निघून गेलात. ती फेरी तुम्हाला कोणी परत केलेली नाही. क्लॅरीने नाही, मॉर्टने नाही. तुम्ही नुसते आत येऊन मधल्या टेबलापाशी बसलात, तर ती फेडायला त्यांना उठावंच लागेल, मंदी असो वा नसो. मॅव्हिसताई आईला म्हणाली की तुम्ही तिथे दिवसभर कोणाशी बोलत नाही. तुमच्या खोलीतला पलंग मी झटकून ठेवला आहे. आणि समजा कोणी नाहीच उठलं, तर दोघांची फेरी मला परवडते.