रोहणाची चौथी बाजू

४ मार्च
मामा आज परत टेकडीवर. सासरा माणूस, हाताला धरून ओढून आणायचं कसं? पिशवीत रोहणाची ताजी साल, थंडीतापाच्या काढ्याची. "औंदा मावळतीच्या बाजूचा नंबर हाय," म्हणाले. कालपण पिशवी भरलेली होती का? नर्सरीतून दिवसभर सीताफळाची कलमं बांधून आलं की डोकं ठिकाणावर नसतं.

५ मार्च
वर जाऊन बघितलं. चारी बाजू सोलल्यात.
मामांचा नेम मोठा. वर्षाला एकच बाजू, पाव बुंधा. चार वर्षांनी फिरून येईस्तोवर पहिली भरते. जन्मभर पाळला. आता कालचं आठवत नाही, रोज उठले की नवं वर्ष. चार दिवसांत चार वर्षं झाली.
साल गोल तुटली की झाड गेलं. कलमं बांधणारीला हे कुणी सांगायला नको.

६ मार्च
कोयता लपवला. हे केजच्या जीपवरून आले, म्हणाले, "झाडच हाय, कावून जीव काढतीस? काढ्याला येतंय कोण आता? दवाखान्यात गोळ्या मिळत्यात." खरंय. कितीक वर्षांत कोणी आलं नाही. तरी रडू आलं. लग्नाच्या वर्षी मी हुडहुडत होते तेव्हा हाच कडूजहर काढा पाजत मामा उशाशी बसलेले. माहेरचंही कोणी आलं नव्हतं.

७ मार्च
नर्सरीला खाडा केला. रोहणाच्याच काड्या तासून, एक टोक वरच्या सालीत, एक खालच्या, असे सोललेल्या भागावरून रस वर चढायला नऊ पूल बांधले. वर मेण. मामा बांधायला पट्ट्या फाडून देत होते.
"कुणी केलं गं हे?"
मी पुढची काडी तासायला घेतली.
"लई नालायक माणूस असंल."

२० मार्च
पाच काड्या वाळल्या. नर्सरीचा मालक हसला. म्हणाला, सीताफळाला कलम लागतं म्हणून जुन्या रोहणाला लागतं का, बाई. नसेल लागत.

३ एप्रिल
आठ गेल्या. पानंही गेली, पण रोहण या दिवसांत झडतोच, त्यामुळे कळायला मार्ग नाही. नववी नखानं खरवडली. आत हिरवी. एवढ्या बुंध्याला एक काडी काय पुरणार, मला कळत नाही असं नाही. तरी परत मेण लावलं. वेडेपणा, दुसरं काय.

१२ एप्रिल
आज वर गेले नाही. बघायची भीती वाटते.
सकाळी मामा दारात, पिशवी घेऊन. "पोरी, कोयता कुठंय? औंदा कोणत्या बाजूचा नंबर?"
म्हटलं, "औंदा त्याला विसावा द्या, मामा. पुढच्या वर्षी बघू."
"बरं," म्हणाले. शहाण्यासारखी पिशवी खुंटीला अडकवली.
त्यांचं पुढचं वर्ष उद्या सकाळी.