साडेचारचा कप

६ मार्च २००६, सोम. एडिसन
पी-डे. म्हणजे धुणी, वाणसामान आणि लायब्ररीत बसून घरी ईमेल. आठवड्यातून एकदाच, अर्धा तास. आईला बर्फ, बूट, तब्येत सगळं लिहिलं. शेवटी नेहमीची ओळ: अण्णांना नमस्कार. तिच्या उत्तरात नेहमीप्रमाणे अण्णा नाहीत. मिरजेत आईला ईमेल वाचून दाखवतात शेजारच्या सायबर कॅफेतले मामा, म्हणजे बाप-लेकीचा अबोला आता अख्ख्या गल्लीला पाठ असणार.

सिस्टर हॉल विचारते, "गुड न्यूज?" म्हटलं, आईचा गुडघा बरा आहे.

सि. हॉल आयडाहोची, बटाट्याच्या शेतातली. माझी नवी जोडीदारीण. मिशनवर, म्हणजे चर्चच्या प्रचारासाठी दारोदार फिरताना, कायम जोडीनेच राहायचं, बाथरूम सोडलं तर एकमेकींच्या नजरेआड व्हायचं नाही. चौदा महिन्यांत ही पाचवी. चार उरले. जुलैत घरी.

घरी म्हणजे कुठे, ते बघू.

९ मार्च, गुरु.
सत्तावीस दारं. "नॉट इंटरेस्टेड" चोवीस वेळा, बाकी तीन उघडलीच नाहीत. अठ्ठाविसाव्या दारात साठीच्या बाई, सुती साडीवर जावयाचा स्वेटर. छातीवरची पाटी वाचून म्हणाल्या, "केळकर? मराठी का?"

कांबळेकाकू, नागपूरच्या. मुलीच्या बाळासाठी सहा महिने आल्यात. मुलगी-जावई सकाळी ट्रेनने न्यूयॉर्कला जातात, मग दिवसभर काकू, बाळ आणि टीव्ही. "बसा ना बेटा. दोन महिन्यांत दारावर मराठी बोलणारं कुत्रंसुद्धा आलं नाही." मी येशूबद्दल बोलायला तोंड उघडलं आणि चाळीस मिनिटं बाळाच्या गुटीबद्दल ऐकलं. सुखाची चाळीस मिनिटं. सि. हॉल बाळाला खेळवत होती.

मग काकूंनी चहा आणला. आल्याचा, ट्रेमध्ये तीन कप. सि. हॉलने हसून मान हलवली. मी म्हटलं, "नको काकू, आम्ही नाही घेत."

"बरं," म्हणाल्या आणि ट्रे उचलला. दार लावताना पुन्हा पाटीकडे बघितलं.

१६ मार्च, गुरु.
काकूंनी दार उघडलं नाही. आत टीव्ही चालू, बाळ रडत होतं. सि. हॉल म्हणे, कामात असतील. असतील!

डाव्या बुटाचा तळ सुटला. फेविक्विक शोधणे.

१९ मार्च, रवि.
सि. हॉलने विचारलं, तू का आलीस या चर्चमध्ये? तिच्या पाच पिढ्या मॉर्मन, तिला हा प्रश्न कधी पडलाच नसणार.

खरं सांगायचं तर मला आवडलं ते प्रार्थनेत स्वतःचे शब्द वापरणं. घरी स्तोत्रं पाठ होती. एक अक्षर चुकलं की अण्णांची भुवई वर. बंगलोरला ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर गेले, त्या छोट्याशा हॉलमध्ये डोळे मिटले आणि मराठीत म्हटलं, देवा, मला फार एकटं वाटतंय. आणि वाटेनासं झालं. एवढंच. यापलीकडे कोणाला पटवून देता येत नाही, आणि रोज तीस दारांवर नेमकं तेच करायचं असतं.

३० मार्च, गुरु. पाडवा
सकाळी पीनट बटर सँडविच. श्रीखंडाची आठवण काढायची नाही असं ठरवलं आणि दिवसभर तेवढीच काढली.

हट्टाने काकूंकडे गेले. या वेळी दार उघडलं, पण "या" म्हणाल्या नाहीत.

"आमच्या घरचा चहा चालत नसेल तर उंबऱ्यावरच सांगायचं. माझ्या आईला लोक वरून पाणी वाढायचे, ओंजळीत. मी तीस वर्षं नर्स होते, कोणाची हिंमत नाही झाली. आणि इथं अमेरिकेत, माझ्या पोरीच्या घरात, एक केळकर येऊन कप परत करते!"

मला क्षणभर कळेचना. कळलं तेव्हा कानशिलं तापली. चौदा महिने ही पाटी मिरवतेय, इथे कोणाला तिचा धड उच्चार येत नाही. ती वाचू शकणारं एक माणूस भेटलं आणि त्याने हे वाचलं. आणि का वाचू नये?

"काकू, चहाच चालत नाही हो. कोणाच्याच घरचा. धर्मात मनाई आहे. आमच्या घरचासुद्धा नाही."

"हात्तिच्या! मग तसं बोलायचं ना बेटा. नुसतं 'आम्ही नाही घेत' म्हटल्यावर माणसानं काय समजायचं?"

मग ताक. मी दोन ग्लास, सि. हॉलने तोंड वाकडं करत एक.

नंतर अण्णांचं विचारलं. सगळं सांगितलं, का कोण जाणे. म्हणाल्या, "धर्म बदलायचं मला नको शिकवू. माझ्या बापानं बदलला तेव्हा मी आठ वर्षांची होते. आजी तीन वर्षं बोलली नाही त्याच्याशी."

"मग?"

"मग काय. एक दिवस हा गेला, तिच्या चुलीपाशी बसला न म्हणाला, माय, भाकर दे. देवाचं नंतर बघू."

३१ मार्च, शुक्र.
काकूंचं वाक्य डोक्यातून जात नाही. नुसतं "आम्ही नाही घेत" म्हटल्यावर...

निघण्याआधी मिरजेला गेले होते, निरोपाला. दुपारी साडेचार. तो चहा अण्णा स्वतः करतात, रिटायर झाल्यापासून एक दिवस चुकलेला नाही. कप माझ्यासमोर ठेवला. मी म्हटलं, "मी आता घेत नाही." किती ताठ्यात म्हटलं! नवा धर्म, नवा जोर. अण्णांनी कप उचलला, मोरीत ओतला, विसळला, पालथा घातला. तेव्हापासून बोललेले नाहीत.

मी समजत होते राग येशूचा आहे. बंगलोरहून बाप्तिस्म्याचं पत्र लिहिलं होतं तेव्हा तर त्यांनी उत्तर दिलं होतं, चार ओळींचं, "प्रकृती सांभाळ" असं. राग कपाचा होता. त्यांच्या घरचं मी परत केलं.

मूर्ख मी.

१० एप्रिल, सोम.
सि. हॉलशी भांडण. तिने आठवड्याच्या रिपोर्टात काकूंना "शिकाऊ", म्हणजे आमच्या धर्मात यायच्या वाटेवरच्या, असं लिहिलं. मी म्हटलं, खोडून टाक. काकूंनी आमचं धर्मपुस्तक ठेवून घेतलंय, पण वर बजावलंय, "वाचीन. देव बदलणार नाही, आधीच सांगते." सि. हॉल म्हणते, मग आपण तिथे का जातो? संध्याकाळी तिनेच सॉरी म्हटलं आणि काकूंसाठी बनाना ब्रेड केला. पोरगी सोन्यासारखी आहे.

ईमेलमध्ये अण्णांना लिहायला बसले. खोडलं. हे सायबरवाल्या मामांच्या आवाजात नको.

१३ मे, शनि.
उद्या मदर्स डे. वर्षातून दोनदाच घरी फोन करता येतो, हा आणि ख्रिसमस. मागच्या दोन्ही वेळी अण्णा "बाहेर गेलेत". मिशनवरचे बाकी सगळे फोन संध्याकाळी करतात. मी सकाळी सातची परवानगी मागितली. मिरजेत तेव्हा साडेचार. चहा टाकून अण्णा कुठेही जात नाहीत.

देवा, मला बोलता येऊ दे. आणि ताठा नको.

१४ मे, रवि.
आई रडली, मी रडले. मग विचारलं, अण्णा?

"आत आहेत. चहा ठेवलाय."

"त्यांना विचार, मी जुलैत आले की साडेचारला माझ्यासाठी काय कराल? म्हणावं, चहा चालत नाही तिला, कोणाच्याच हातचा. पण कप हवाय."

आईने रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज. सि. हॉल शेजारी गुडघ्यांना मिठी मारून बसलेली, एक शब्द कळत नसताना डोळे मिटून प्रार्थना करत होती.

मग खाकरणं. सोळा महिन्यांनी.

"दूध चालतं का तुमच्यात?"

"चालतं, अण्णा."

"तुमच्यात" म्हणाले, ते लागलं. पण फोन ठेवला नाही. मागून आई ओरडली, "अहो, चहा उतू गेला!"

अण्णा जागचे हलले नाहीत. मीही.