शार्गा कुणाच्या हाकेला येते

क्रिवाय
२१ ऑगस्ट १९८४

ती. इम्ब्रोमामांस,
येल्काचा सा. न. वि. वि.

इथे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुमच्या छपरावरच्या करकोच्यांनी घरटं सोडायची तयारी चालवली आहे. सकाळपासून चोची वाजवून त्यांची भांडणं चालतात, आणि मला त्रिएस्टच्या हॉटेलातली भांडी घासायची खोली आठवते. तिथेही असंच चालायचं. असो. भरकटले.

तुमची छाती कशी आहे? इस्पितळातलं सूप पातळ असतं म्हणून भिरकावून दिलंत असं पोस्टातल्या बाईंनी सांगितलं. खरं का? मग चांगलं आहे. भिरकावायला जोर लागतो.

आता मुद्द्याचं. काल घोड्यांचा दलाल मीश्को येऊन गेला. आपल्या घोडीच्या, शार्गाच्या पाठीवरून हात फिरवला, शिंगराच्या मांड्या चाचपल्या. तुम्ही त्याच्याशी हात मिळवून सौदा पक्का केलाय, सेंट मिखाएलच्या सणाला, एकोणतीस सप्टेंबरला, ट्रक घेऊन येतो, म्हणाला. दोघांना इटलीला नेणार. तिथे त्यांना कुणी गाडीला जुंपणार नाही हे मलाही कळतं, मामा. मी शाळा अर्धवट सोडली असेल, पण इटलीत मी खाटकाच्या दुकानावर घोड्याचं डोकं टांगलेलं पाहिलं आहे.

तर माझं मागणं असं. नऊ सप्टेंबरला दुबोवात्सला घोड्यांचं प्रदर्शन आहे. मी शार्गाला घेऊन जाते. तिला बक्षिसाची फीत मिळाली तर मीश्कोला नाही म्हणाल का? ज्यांच्याकडे घोडे न्यायच्या गाड्या आहेत त्यांच्या गाड्या भरल्यात. म्हणून बांधावरून चालत जाईन, तराफ्यानं सावा नदी ओलांडेन. सोबतीला कुणी नाही. तुमचा तो शेजारी आणि मेव्हणा, ब्लाझकाका, त्याला विचारलं तर त्यानं थुंकून दार लावलं. मामींच्या मयतापासून तुमचं काय बिनसलंय ते कुणी सांगत नाही.

आणखी एक. इथे घोड्यांना बोलावायची प्रत्येक घराची हाक वेगळी, तर तुमच्या घराची मला लिहून पाठवा. बांधावर उभं राहून मला आठवते तशी मारून पाहिली. बगळे उडाले. शार्गानं मानसुद्धा वर केली नाही. रोज पाव दाखवून, चिखलात घोट्याभर उतरून तिला आणावं लागतं.

तुमचा लोभ माझ्यावर किती आहे ते मला माहीत नाही. पण जो काही असेल तो सध्या घोडीकडे वळवा.

तुमची भटकी भाची,
येल्का

*

इस्पितळ, टेकडीवरचं
२७ ऑगस्ट

चि. येल्कास,
अ. उ. आ.

सूप भिरकावलं नाही, सांडलं. पोस्टातल्या बाईला सांग.

मी घोडी हौसेनं विकत नाहीये. घोडे वर्षभर मोकळ्या कुरणात असतात. पाणी चढलं की बांधावरून हाक मारून वर घ्यावे लागतात. मारायला माझ्या छातीत हाक उरलेली नाही. डॉक्टर म्हणतात ती परत येणार नाही. जो हाक मारू शकत नाही त्यानं जनावर पाण्याच्या काठी ठेवू नये. तुझं म्हणशील तर तू एप्रिलात आलीस आणि तुझी पिशवी अजून दाराच्या खुंटीवर भरलेली लटकते आहे, हे मी निघालो तेव्हा पाहिलं होतं.

हाक कागदावर लिहीत नाहीत. लिहिता येत नाही.

प्रदर्शनाला जायचं तर जा. माझ्या घरच्या घोडीला फीत मिळाली तर मीश्कोशी मी बोलेन. नाही मिळाली तर दिलेला शब्द दिलेला. तिथे घोडीला एक माणूस लागतो आणि शिंगराला दुसरा. एकटीला जमणार नाही. तरी जाशील, तुझ्या आईसारखीच आहेस. शार्गाला तराफ्यावर उलटी चढव, पाणी दिसलं की ती बिथरते.

औषधं घ्यायला सांगू नकोस. घेतो.

इम्ब्रोमामा

*

क्रिवाय
१० सप्टेंबर

ती. मामांस, सा. न. वि. वि.

जाऊन आले. हाताला पट्टी आहे म्हणून अक्षर असं. बाकी अक्षर नेहमीच असं असतं.

पहाटे निघाले. शार्गाच्या शेपटीला रिबन गुंफली होती, शिंगरानं वाटेत खाल्ली. धुकं इतकं होतं की पुढे घोडी आणि मागे पायांचा आवाज, एवढंच. शिंगरू दर चिंचोळ्या पुलापाशी थांबे, मग मी थांबे, मग शार्गा माझ्याकडे असं बघे की ही बाई कुठून आली आमच्यात. तराफेवाला जुका मला पाहून ओरडला की वरात निघाली वाटतं, नवरा कुठाय? मी म्हटलं, नवरा बघायलाच चालले. मग म्हणतो कसा, पोरी, एवढं चिखलानं माखून गेलीस तर घोड्यांच्या रांगेत तुलाच उभी करतील. पण उतरताना शिंगराला त्यानंच ढकललं. भला आहे.

दुबोवात्सला पोचले तर बाकीच्यांच्या घोड्या गाड्यांतून धुतलेल्या, विंचरलेल्या उतरत होत्या. शार्गाच्या पोटापर्यंत बांधाचा चिखल. मी विहिरीवर बादली मागितली. एक बाई म्हणाली की रांग आहे. रांगेत सगळ्यांच्या बहिणी, भाऊ, मेव्हणे. घोडी धरून रांगेत उभं राहता येत नाही आणि रांगेसाठी घोडी सोडता येत नाही, हे तिथे मला कळलं. शेवटी गवताचा बोळा करून पुसलं.

ब्लाझकाका कुंपणापाशी होता, त्याच्या दोन घोड्या आणि चार माणसं घेऊन. मी सगळा मान गिळून पुन्हा विचारलं की आमची पाळी येईल तेव्हा शिंगराचं दावं तेवढं धराल का. इम्ब्रोच्या घरचं दावं मी हातात घेत नाही, म्हणाला, आणि सॉसेजकडे वळला. मीश्कोही तिथेच खात होता. तो मला म्हणाला, उगाच दमवू नकोस गं, वजन उतरतं.

आमचं नाव पुकारलं. पंचांनी विचारलं, दुसरा माणूस? मी म्हटलं, येतोय. शिंगराला माझ्या पट्ट्यानं एका झाडाला बांधलं आणि शार्गाला घेऊन मैदानात गेले. चालत नेलं तोवर छान. दुडक्या चालीनं पळवायची वेळ आली आणि मागे शिंगरू किंचाळलं. पट्टा तुटला. ते बँडवाल्यांच्या मधून गेलं, मोठा ढोल पडला, त्या आवाजानं आणखी उधळलं आणि सरळ नदीकडे सुटलं. शार्गानं एक हिसका दिला. दोर माझ्या तळहातातून गेला. मी तोंडावर पडले. उठले तेव्हा दोघंही बांधाच्या टोकाला पोचलेले, पलीकडे सावा. आणि मामा, माझ्याजवळ हाक नव्हती. तोंड उघडलं तर नुसतं शार्गा, शार्गा. पंच हातानं खूण करत होते की हिला बाद करा.

तेवढ्यात माझ्या मागून हाक आली. तुमची. अगदी तुमची, मी लहानपणी ऐकलेली. मला वाटलं तुम्हीच इस्पितळातून पळून आलात. वळून पाहिलं तर ब्लाझकाका सॉसेजचा कागद हातात धरून, डोळे मिटून, आकाशाकडे तोंड करून ओरडत होता.

शार्गा जागच्या जागी थांबली. कान इकडे. मग वळली, शिंगराला वळवलं, सगळं मैदान ओलांडून भरधाव आली आणि त्याच्या छातीला कपाळ टेकून उभी राहिली. मग त्यानं शिंगराचं दावं धरलं आणि मी शार्गाला पळवलं. ती हवेतून गेल्यासारखी पळाली.

दुसरी फीत मिळाली, मामा! निळी. पण कर्ण्यावरून पुकारलं ते असं, की ब्लाझच्या घरची शार्गा. तिथे सगळ्यांना एकच माहीत, जी ज्याच्या हाकेला येते ती त्याची. मी बोलले नाही. तोंडात माती होती आणि फीत हवी होती. ब्लाझकाकाही बोलला नाही.

फीत फीतच ना? लवकर कळवा. मला झोप येत नाही.

येल्का

*

इस्पितळ
१६ सप्टेंबर

चि. येल्कास आशीर्वाद.

फीत परत कर.

माझ्या घरच्या घोडीला मिळाली तर, असं मी लिहिलं होतं. ही माझ्या घरची नाही असं सगळ्या दुबोवात्सनं ऐकलं. आता मीश्को आला की घेऊन जाऊ दे.

तुला सांगत नाहीत म्हणतेस तर ऐक. ती हाक माझ्या घराची नव्हतीच. आमच्याकडे मुलगी लग्न होऊन निघाली की माहेरची हाक बांधावर ठेवून येते. तुझ्या तेरेझामामीनं ठेवली नाही. पहिल्याच हिवाळ्यात पाणी चढलं, मी घसा फोडला, घोड्या येईनात. ही परसातून भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी आली आणि माहेरची हाक मारली. आल्या. त्या दिवसापासून मीही तीच मारायला लागलो. मयताच्या दिवशी ब्लाझ म्हणाला की बहीण गेली, आता आमची हाक परत कर. मी म्हटलं, श्वास बंद होईल तेव्हा करेन. झाला बंद. त्याला आता तोंडानं मागायचीही गरज पडली नाही.

तुझ्यावर राग नाही. तळहाताला डुकराची चरबी लाव.

इम्ब्रो

*

क्रिवाय
३० सप्टेंबर

ती. मामांस, सा. न. वि. वि.

फीत परत केलेली नाही. ओरडा माझ्यावर, छातीला व्यायाम होईल.

काल मीश्को ट्रक घेऊन आला. मी फाटकात उभी राहिले. काय करणार होते देव जाणे, हातात प्लमचा मुरंबा ढवळायचं लाकडी फावडं होतं. पण मीश्को स्वतःच फाटकाशी अडला. म्हणाला, मी इम्ब्रोची घोडी घेतली होती, आणि ही तर ब्लाझची आहे असं मी माझ्या कानांनी ऐकलंय. उद्या तो पोलीस आणेल. त्याला माझ्यासमोर एकदा म्हणू दे की ही माझी नाही, मग चढवतो.

आम्ही दोघं ब्लाझकाकाकडे गेलो. तो पिंप घासत होता. मीश्कोनं विचारलं. काका पिंपात डोकं घालून राहिला. मीश्कोनं पुन्हा विचारलं. मग आतून आवाज आला, की कुणाची ते अजून ठरलं नाही. मीश्को म्हणाला, ठरणार कधी? पिंप म्हणालं, पुढच्या वर्षी ये.

ट्रक रिकामा गेला. मला पायऱ्यांवर बसून हसूही आलं आणि दुसरंही आलं.

परवा काका बसनं तुमच्याकडे येतोय. तुम्हाला आधी कळवू नको, असं मला म्हणाला. त्याला हाकलू नका. सूप सांडायचं तर त्याच्यावर सांडू नका, त्याच्याकडे एकच कोट आहे.

येल्का

*

इस्पितळ
५ ऑक्टोबर

चि. येल्कास,

हात थरथरतो, म्हणून सिस्टर लिहिताहेत. मी सांगतो तेवढंच लिहा म्हटलंय.

ब्लाझ आला. खुर्चीवर टोपी ठेवली आणि स्वतः उभा राहिला. मग म्हणाला, हाक मार पाहू. मी मारली. नुसता वारा आला. शेजारच्या खाटेवरच्यानं सिस्टरला बोलावलं.

ब्लाझ म्हणाला की शेवट चुकतोय. तेरेझा शेवट वर न्यायची, तू खाली सोडतोस. इतकी वर्षं बांधापलीकडून ऐकून माझे दात आंबले. हाक घेतलीस त्याचा राग होताच, पण चुकीची मारतोस त्याचा जास्त. मग बसला. टोपीवरच बसला.

शार्गाला आता विकणार नाही. मीश्कोला तसं कळवलं आहे.

तो तुला शिकवायला तयार आहे. पण येल्का, राहणार नसशील तर शिकू नकोस. तुझ्या हाकेला ती वर आली आणि पुढच्या पावसात तू कुठल्यातरी हॉटेलात असलीस, तर ती पाण्यात उभी राहून वाट बघेल. खाटीक त्यापेक्षा बरा.

मामा
(ते आता झोपले. छाती बरी नाही. पत्र पाठवत जा. — सिस्टर)

*

क्रिवाय
१८ नोव्हेंबर

ती. मामांस, सा. न. वि. वि.
आणि सिस्टर, तुम्हालाही. ते हल्ली बहुतेक वेळ झोपलेलेच असतात असं कळवलंत. तरी हे मोठ्यानं वाचा.

मामा, पाणी आलं. कुरण रात्रीतून गेलं, विलोच्या झाडांचे फक्त शेंडे दिसतात. सगळ्या घरांची माणसं बांधावर होती आणि ज्याची त्याची हाक चालली होती. आपली शार्गा आणि शिंगरू लांब उंचवट्यावर, घोट्यापर्यंत पाण्यात.

ब्लाझकाका माझ्यासोबत आला होता. महिनाभर त्यानं मला परसात उभं करून शिकवलंय. माझा आवाज फाटतो, कोंबड्या घाबरतात, तो म्हणतो तुझ्या घशात तुझा मामा बसलाय, त्याला उठव आधी. आज मात्र त्यानं मफलर तोंडावर गुंडाळून घेतला आणि मला खूण केली. मी म्हटलं, तुम्हीच मारा, आज खेळ नाही. त्यानं पाठ फिरवली.

मग मीच हाक मारली. शेवट वर नेला. शार्गानं मान उचलली आणि काकाच्या पाठीकडे पाहिलं. नुसतीच पाहत राहिली. पाणी वाढत होतं. पुन्हा मारली. ती हलेना.

शिंगरू आलं. त्यानं या वर्षात माझ्याशिवाय दुसरा आवाज फारसा ऐकलेलाच नाही. आधी एक पाय टाकला, मग पोटापर्यंत पाण्यात, मग पोहायला लागलं, नाक वर धरून, सरळ माझ्याकडे. शार्गा दोनदा खिंकाळली, आणि मग त्याच्या मागून तीही उतरली.

दोघं गोठ्यात आहेत, पुसून काढली. खुंटीवरची माझी पिशवी मी आज रिकामी केली. तिच्यात मीठ ठेवते, बांधावर न्यायला बरी पडते.

लोभ होता तसा असू द्या, मामा. ऐकू येत असेल तर सिस्टरचा हात दाबा. त्या मला कळवतील.

तुमच्या घरची,
येल्का