आयटिस म्हणजे सूज

मंगळवार, ९ जून

चि. लेकीस,

आशीर्वाद. मी बरी आहे. तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालते.

मोरीतला नळ दुरुस्त झाला. समोरचे शिंपीकाका जागा सोडून गेले, आता तिथे चपलांचं दुकान आहे. गेल्या सोमवारपासून मी कामावर जाते. बाइंडिंगच्या हॉलमध्ये माझी खिडकीजवळची जागा कुणी घेतली नव्हती. फोरमन म्हणाला, "बाई, अजून आठ दिवस घेतले असतेत तरी चाललं असतं." मी म्हटलं, घरात बसून काय करू. त्याने शिवायचे फर्मे पुढ्यात ठेवले आणि गेला. दुपारपर्यंत मी साठ पुस्तकं शिवली. हात चालतात. जेवण जातं. झोपही लागते.

तुझ्या वकिलांचा कागद काल मिळाला. पुढच्या गुरुवारी दहा वाजता रुग्णालयाच्या चौकशी समितीपुढे यायचं आहे. सोबत तुझ्या तक्रारीची प्रत होती, ती मी दोनदा वाचली. तू लिहिलंस की आई चौथी शिकलेली, इंग्रजी कळत नाही, डॉक्टरांनी काहीही न समजावता इंग्रजी कागदावर तिची मराठीत सही घेतली. त्यामुळे घरात कुणाला आजार कळला नाही आणि मुलीला वडिलांजवळ राहता आलं नाही.

चौथी शिकले हे खरं आहे. इंग्रजी अक्षरं मी तुझ्या शाळेच्या पुस्तकांना कव्हर घालता घालता शिकले, हे तुला ठाऊक नसेल. तू सासरी गेलीस त्या वर्षी आमच्याकडे नर्सांसाठी एक कोश बांधायला आला होता. इंग्रजी शब्द, आपल्या भाषेत अर्थ. शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटची सोळा पानं, माझ्या वाट्याला होती. त्यात शब्दांच्या नुसत्या शेपट्या दिल्या होत्या. शेवटी आयटिस असेल तर सूज. अल्जिया असेल तर दुखणं. एक्टमी म्हणजे कापून काढणं. ओमा म्हणजे गाठ. पाच आठवडे तीच पानं हाताखालून जात होती. शेजारची म्हणायची, "वाचत बसलीस तर डॉक्टर होशील, मग शिवणार कोण, मी?" छपाई वाकडी आलेला एक फर्मा मी रद्दीतून उचलून घरी आणला.

तुझ्या बाबांना मी रोज एक शेपटी सांगायची. दिवसभर बस चालवून यायचे, पाय लांब करून बसायचे आणि म्हणायचे, "आज काय शिकवणार, मास्तरीणबाई?" गुडघे दुखले की आमच्या डेपोला आर्थ्रायटिस झालाय म्हणायचे. आयटिस त्यांना पाठ होतं. ओमापर्यंत आम्ही पोचलो नव्हतो.

रिपोर्ट आला त्या दिवशी ते बाहेर बाकावर बसले होते. डॉक्टरांनी मला आत बोलावलं. तो चष्मेवाला, ज्याची नोकरी आता तुझ्या तक्रारीवर अडली आहे. कागदावर हिपॅटोमा लिहिलं होतं. त्यांनी सांगायच्या आधी मी वाचलं होतं. तरी त्यांनी कागदावर लिव्हरचं चित्र काढून अर्धा तास समजावलं. चार-पाच महिने, म्हणाले. "मुलगी आहे ना? तिला बोलवून घ्या." कळलं का, असं दोनदा विचारलं. मी हो म्हटलं आणि सही केली.

बाहेर आले तर बाबा उभे राहिले. "काय म्हणतो?"

मी म्हटलं, "हिपॅटायटिस."

ते म्हणाले, "आयटिस म्हणजे सूजच ना?"

"हो."

"मग उतरेल की."

त्या दिवशी ते चालत घरी आले, बस नको म्हणाले. किती दिवसांनी पोटभर जेवले. मी ठरवलं होतं, जेवण होऊ दे, मग सांगते. मग म्हटलं उद्या. त्यांनी डेपोत सगळ्यांना सांगितलं की सूज आहे. पुढे पुढे सांगण्यासारखं काही उरलं नाही, दिसतच होतं. त्यांना कळलं होतं का, मला माहीत नाही. त्यांनी विचारलं नाही, मीही विचारलं नाही.

त्या चार महिन्यांत तू तीनदा फोन केलास, येऊ का म्हणून. तिन्ही वेळा मी म्हटलं, कशाला, साधी सूज आहे, तुझी रजा वाया जाईल. तू आली असतीस तर तुझा चेहरा बघून त्यांना सगळं समजलं असतं. तुला चेहरा लपवता येत नाही, लहानपणापासून. मला येतो. म्हणून तुला येऊ दिलं नाही. शेवटी बोलावलं तेव्हा ते डोळे उघडत नव्हते. तू पायाशी बसून विचारलंस, "आई, तुला कुणी काहीच कसं सांगितलं नाही गं?" मी गप्प राहिले. तिथूनच ही तक्रार झाली.

तू रागावशील. बोलणार नाहीस कदाचित. जावईबापूंना काय सांगायचं ते तू बघ. पण त्या डॉक्टरने त्याचं काम नीट केलं होतं. माझ्या तोंडावर तसं लिहिलेलं नव्हतं, त्याला तरी कसं कळावं की मी घरी जाऊन काय सांगणार आहे.

गुरुवारच्या आत तक्रार मागे घेतलीस तर बरं. नाही घेतलीस तरी मी जाणार आहे. तो सहीचा कागद समितीसमोर मोठ्याने वाचून दाखवीन आणि अर्थही सांगेन. हे तुला तिथे सगळ्यांदेखत पहिल्यांदा ऐकावं लागू नये, म्हणून आज लिहिलं.

बाबांपाशी तुला बसू दिलं नाही ती,
तुझी आई