वैजयंता हजर आहे

नवघर, भाईंदर (पूर्व)
फेब्रुवारी २०२१

चिरंजीव म्हणावं तर तू तीन लेकरांची आई, तीर्थरूप म्हणावं तर माझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकटी. म्हणून दोन्हींच्या मधलं धरून, सौ. वैजयंताबाई यांना शेजारच्या सरूबाईचा सप्रेम जयभीम.

पत्राला कारण तुमच्या गावची रेंज. तुझ्या घरधन्याचा, लोकेशभावजींचा नंबर लावला की फोनमधली ती बाई आधी मराठीत सांगते की ते संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहेत, मग हिंदीत सांगते, मग इंग्रजीत. तिन्ही भाषांत तू नाहीस एवढं मला आता पाठ झालंय. इकडे सगळं खुशाल आहे. मी बरी आहे. आमचे हे (तुझे श्रीपतीभावजी) बरे आहेत, त्यांची गाडी पुन्हा घोडबंदरच्या कंपनीत लागली, त्यामुळे घरात थोडी शांतता आहे. तुझ्या खोलीची किल्ली माझ्याकडेच आहे, आठवड्यातून एकदा उघडते, झाडते, गॅलरीतल्या तुझ्या कढीपत्त्याला पाणी घालते. (चार पानं घेते. लपवून काय करू?) तुझ्या सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? पोरांची शाळा सुरू झाली का? दिवाळीत तू फोनवर म्हैस व्यायला झालीय म्हणालीस आणि फोन कटला. ती व्याली की नाही, या विचारात मी तीन महिने काढले.

आता मुद्द्याचं. रागावू नकोस, पण गेले दहा महिने तू इथेच आहेस.

तुला माहीत असलेलंच परत लिहिते, कारण लिहिताना बरं वाटतं. परागभाईंची पिठाची गिरणी, तिच्यावरची पोटमाळ्याची खोली, आणि तिथे त्यांच्या बायकोने, मिनलबेननी, चालवलेलं आपलं दुपार महिला शिक्षण मंडळ. घरी सांगायचं ‘दळणाला जाते’, आणि खाली गहू दळून होईपर्यंत वर पाढे, पेपर आणि इंग्रजी. घराघरांत पीठ तरी किती साठलं होतं! एकदा हे म्हणाले, आपण काय घरातच गिरणी काढली का? आणि तू, सहावीत शाळा सुटलेली, आणि मी, सातवीत सुटलेली, एका चटईवर, दोघींत एक पुस्तक. एक ओळ तुझी, एक ओळ माझी. मिनलबेनचा नियमच तो, की जोडीनं वाचायचं, म्हणजे एक अडली तर दुसरी सावरते. दुसरा नियमही तुला ठाऊक आहे. सलग तीन दिवस हजेरीला आवाज आला नाही की नाव कट, कारण खोली एवढीशी आणि नाव घालायला टपलेल्या बायका खाली दळणाच्या रांगेत उभ्या.

तर लॉकडाऊन लागला, भावजींचा भांड्यांचा कारखाना बंद पडला आणि तुम्ही हायवेवरून टेम्पोत बसून परभणीला गेलात. पंधरा दिवसांनी येते म्हणालीस. पंधरा दिवसांसाठी कुणी पाटा-वरवंटा बरोबर नेतं का गं? मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी आपली टेम्पोमागे हात हलवत उभी.

त्याच आठवड्यात मिनलबेननी फोनवर वर्ग सुरू केला. (व्हिडिओचा विचार झाला होता, पण मोठे फोन सगळे पोरांच्या शाळेत अडकलेले, आयांच्या वाट्याला बटणांचे.) एका वेळी पाच-सहाच फोन जोडले जायचे, म्हणून दोन तुकड्या पाडल्या. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त या शेळ्यांच्या घरी एकाच वेळी कुकर लागलेले. पेपर बंद झाला होता, तेव्हा मिनलबेननी फर्मान काढलं की मांडणीवर भांड्यांखाली जो अंथरलाय तोच वाचा. मग आम्ही काय काय वाचलं! एकीने साड्यांचा सेल वाचला, शेवटचे तीन दिवस. दुसरी विचारायला लागली की कुठे आहे, पोलिस जाऊ देतील का. तो पेपर पाच वर्षांपूर्वीचा होता.

पण पहिल्या दिवशी हजेरी झाली ती अशी. ‘सरूबेन?’ मी म्हटलं हजर. ‘वैजयंता?’ आता तुझ्याकडे स्वतःचा फोन कधी नव्हता, मंडळात तू माझाच नंबर दिलेला, भिंतीला भिंत लागून घर, त्यामुळे मिनलबेनना वाटलं की दोघी एका फोनवर बसल्यात. मी विचार केला, पंधरा दिवसांचाच तर प्रश्न आहे, तेवढ्यासाठी पोरीचं नाव कशाला जाऊ द्यायचं? तोंडावर पदर धरला आणि तुझ्यासारखा शेवट लांबवून म्हटलं, ‘हजर हाय की, बेऽन.’ मिनलबेननी विचारलं, ‘दोघी अंतर ठेवून बसलात ना?’ मी माझ्या आवाजात म्हटलं, ‘हो बेन, भरपूर अंतर आहे.’

एकदा सुरू केल्यावर थांबता येईना. वाचनात माझी ओळ मी वाचायची आणि तुझी ओळही मीच. तू जोडाक्षराला अडतेस, म्हणून मी मुद्दाम अडायची, आणि मग सवयीने माझ्या आवाजात तुला सावरायची. त्यावर मिनलबेन मलाच म्हणाल्या, ‘सरूबेन, तिचं तिला वाचू दे ना, सारखी मध्ये काय बोलतेस?’ तू नसताना तुझ्यामुळे मी बोलणी खाल्ली. (असताना खाल्ली ती वेगळीच.) पण खरं सांगू? दुपारचा तो अर्धा तास मला आवडायचा. दिवसभर ह्यांच्याशिवाय बोलायला कुणी नाही, आणि ह्यांच्याशी बोलून झालेलं. तुझ्या आवाजात वाचायला लागले की वाटायचं, भिंतीपलीकडून तूच बोलतेयस. कधीकधी वर्ग संपल्यावरही मी तुझी एखादी ओळ वाचत बसायची.

घोटाळा झाला तो पावसाळ्यात, माझा घसा बसला तेव्हा. तपासणी केली, काही निघालं नाही, पण आवाज जो गेला तो गेलाच. माझ्या हजेरीपुरतं कसंबसं खाकरता आलं, तुझ्यासाठी काही उरेना. आदले दोन दिवस माझ्याच फोनला रेंज नव्हती म्हणून आपल्या दोघींचे दोन खाडे आधीच पडलेले, तुझा हा तिसरा. मी ह्यांच्या पायाशी बसले. आयुष्यात लग्नानंतर पहिल्यांदाच. हे आधी म्हणाले, ‘मी असले धंदे करत नाही.’ मग फोन हातात घेऊन, गळा चिमटीत धरून, ‘हजर हाय की बेन’ म्हणाले. मग मिनलबेन म्हणाल्या, ‘अरे बाप रे वैजयंता, आवाज किती बसलाय! काढा घे.’ इथे थांबायचं की नाही माणसाने? पण ह्यांना चेव आला. मिनलबेननी पुढे विचारलं सात आठे किती, आणि कुणी बोलायच्या आत हे तुझ्या आवाजात म्हणाले, चौपन्न. वैजयंता, पाढ्यांत तुझा हात कुणी धरत नव्हतं, आणि तुझं नाव ह्या माणसाने एका दुपारी घालवलं. दोन दिवस मी ह्यांना चहा दिला नाही.

दुसऱ्या दिवशी बघते तर तुझ्या दाराला काढ्याचा डबा. मागच्या बिल्डिंगमधली संचिता आणून ठेवून गेलेली, आणि ठेवला कुठे, तर कुलपाच्या कडीत अडकवून! म्हटलं, झालं, पितळ उघडं पडलं. पण दुपारी हजेरीला संचिता काहीच बोलली नाही. तुला माहीत आहे ती किती भोळी. रायगडची साधी बाई, हाताने डबा कुलपात अडकवला तरी कुलूप काही तिच्या डोक्यात शिरलं नाही, असं मी ह्यांना हसून हसून सांगितलं. काढा ह्यांनीच प्यायला, ज्याचा आवाज त्याचं औषध. आता डबा रिकामा कसा परत करायचा? तू कुणाचा डबा कधी रिकामा पाठवला नाहीस. म्हणून मी तो भरून, वैजयंताने दिलाय सांगून, संचिताच्या घरी पोचवला. काय भरलं? घरात होतं ते, आमच्या गुहागरची कोकमं. माझी सोलकढी बघून नाक मुरडणारी तू, जिने आयुष्यात आमटीला चिंच सोडून काही लावलं नाही, ती कोकमं पाठवेल का, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. संचिता डबा घेऊन एवढंच म्हणाली, ‘वैजयंताला सांग, लय चांगली हायत.’ मी म्हटलं सांगते. आज सांगितलं.

असे दिवस गेले, आणि गेल्या मंगळवारी गिरणीवरची खोली पुन्हा उघडली. आठवड्यातून एकच दिवस, मंगळवार, तोंडाला मास्क, आणि चटयांऐवजी जमिनीवर खडूने आखलेले गोल, एका गोलात एक बाई. पायऱ्या चढताना पिठाचा तो गरम वास आला आणि माझे डोळेच भरले. (पीठ गेलं म्हणून सांगितलं.) माझ्या शेजारचा गोल तुझा. मी त्यात माझी पिशवी ठेवली आणि बसले. फोनवर ठीक होतं, आता सगळ्यांसमोर, तोंड दिसत नसलं तरी, तुझा आवाज काढायचा कुठून? चोराच्या मनात चांदणं. वाटलं, एकेक बाई माझ्याकडेच बघतेय.

मिनलबेन हजेरी घेत आल्या. ‘सरूबेन?’ हजर. ‘वैजयंता?’

मी तोंड उघडलं. आवाजच फुटेना, ना तुझा, ना माझा. आणि मागून संचिताचा आवाज आला, शेवट लांबवून, ‘हजर हाय की, बेऽन.’ मग तिच्या पलीकडची तसंच म्हणाली. मग खिडकीतली. मग सगळ्याच, एकीमागून एक, तुझ्यासारखं लांबवून. मिनलबेननी मान वर केली नाही. नुसतं म्हणाल्या, ‘आवाज सुधारला वाटतं. काढा लागू पडला.’

म्हणजे बघ! कुलूप संचिताने त्याच दिवशी बघितलं होतं, त्याच संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं होतं, मिनलबेननासुद्धा. आणि मी मूर्ख पुढचे सात महिने दोन-दोन आवाज काढत घसा फाडतेय! मी संचिताशी कडकडून भांडले. म्हटलं, बोलली का नाहीस? तर म्हणते, ‘बोलले असते तर तू बंद केलं असतंस. मग वैजयंता गेली असती ना.’ भोळी कोण ते तूच ठरव. मी खाली जाऊन दळण घेतलं आणि घरी आले. गव्हाचा डबा मी नेलाच नव्हता. दुसऱ्याच कुणाचं तरी पीठ होतं.

असो. मीही पत्रात दळण घातलं. सासूबाईंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, भावजींना सांग कढीपत्ता खांद्यापर्यंत आलाय. हे पत्र वाचशील तेव्हा आपल्या पद्धतीने वाच. एक ओळ मोठ्याने तुझी, पुढची मनात, ती माझी. जोडाक्षराला अडलीस तर थांब जरा, मी सावरते.

तुझीच (आणि दहा महिने तूच असलेली)
सरू

ता. क. म्हशीचं कळव.

ता. क. २ : खरं काम आता लिहिते. मिनलबेन म्हणाल्या, फोनवर चाललं ते चाललं, आता खोलीत ज्याचा आवाज त्याचीच हजेरी, नियम सगळ्यांना सारखा. पहिला मंगळवार त्यांनी काढ्याच्या खात्यात सोडून दिला. आता तीन मंगळवार, की तुझा गोल रांगेतल्या दुसऱ्या बाईला. तुमच्या गावात पाण्याच्या टाकीवर चढलं की रेंज येते असं तूच म्हणाली होतीस. तेव्हा मंगळवारी तीन वाजता भावजींचा फोन घेऊन टाकीवर चढ. मिनलबेन फोन लावतील, मी तो तुझ्या गोलात ठेवेन. नाव घेतलं की फक्त हजर म्हण. फोनवरच्या हजेरीला त्यांची ना नाही, आवाज तेवढा तुझा पाहिजे. आम्ही सगळ्या मिळून म्हटलं तरी ते तुझ्यासारखं होत नाही गं. पदर खोचून चढ, शिडीला गंज असेल.

ता. क. ३ : तुमचं तिकडे बस्तान बसलंय, भावजींना शेतात काम आहे, पोरं रमलीत, हे मला कळतं. म्हणून पत्राला बसण्याआधीच ठरवलं होतं की काहीही झालं तरी ‘परत ये’ असं लिहायचं नाही. सगळं पत्र पुन्हा वाचून बघ. यापूर्वी कुठेही लिहिलेलं नाही.