अर्धा बाफला

उज्जैन, १३ एप्रिल २०२६

ती. जयूआत्यास,
मंदारचा सा. न. वि. वि.

फोनवर मी ओरडतो म्हणून तू पत्र लिहायला सांगितलंस. लिहितो, पण ओरडूनच वाच.

काल ईराचे वडील, भय्यासाहेब, मला बघायला म्हणून जेवायला आले होते. कणकेचे बाफले बाबांनी स्वतः उकडून भाजले आणि तुपात बुडवले. आपल्या फ्रीगंजच्या भोजनालयात हल्ली चौघं मिळून दोन थाळ्या मागतात आणि त्यातलंही टाकतात, त्यामुळे बाबांना वेळच वेळ आहे. तुपात भेसळ आहे म्हणून मी तूपवाल्याला हाकलून दिलं. तरी ताटात उरतंच.

भय्यासाहेब म्हणजे सात बाफले खाऊन वर लाडू मागणारा माणूस. बोलणी करायला आलेल्या पाहुण्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं की होकार, हे आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत. त्यांनी अर्धा बाफला खाल्ला आणि आई वाढायला गेली तर ताटावर आडवा हात! माझा दिमागच सटकला. कॉलेज सोडलेला मुलगा नको असेल तर सीधं सांगा, बाफल्याची बेइज्जती कशाला, असं सगळ्यांसमोर म्हणालो. ते ताटावरून उठून गेले. ईरा फोन उचलत नाही. तिच्याशिवाय मी जगणार नाही. तू शाळेत त्यांच्या वर्गातली, विचारून कळव.

तुझा मंदार

देवास, १६ एप्रिल

चि. मंदारास,
अ. उ. आ.

तू जगशील.

भय्याच्या बायकोशी बोलले. साखर आणि वजनासाठी डॉक्टरांनी त्याला दर आठवड्याचं इंजेक्शन दिलंय. भूकच लागत नाही, चार घासांत पोट गच्च. ज्याचं नावच खाण्यामुळे, तो हे कुणाला सांगणार? तुझ्या त्या चौघांतही एखादा इंजेक्शनवाला असेल. माझ्या योगाच्या वर्गात तिघी आहेत. तूपवाल्याची माफी माग.

आणि ऐक. तुमच्याकडे निदान दोन बाफले जावेत म्हणून भय्या आदल्या दिवसापासून उपाशी होता. अर्धाच गेला. घरी पोचल्यावर तोही उलटून पडला.

वहिनीला नमस्कार. डोकं थंड ठेव, एवढं केलंस तरी आत्यावर प्रेम आहे असं समजेन.

जयूआत्या

उज्जैन, २० एप्रिल

ती. आत्यास,
सा. न.

तूपवाल्याची माफी मागितली. त्यानं भाव वाढवला.

काल बाबांकडून लिंबाएवढे बाफले करून घेतले आणि डबा घेऊन गेलो. माफीचं भाषण पाठ होतं. दार ईरानं उघडलं, भाषण गेलं. तिनं डबा आत नेला आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. भय्यासाहेबांनीच आत बोलावलं. मी सरळ पाय धरले. इंजेक्शनचा विषय कुणीच काढला नाही. हे बाफले आहेत की बाफल्यांची पिल्लं, असं त्यांनी विचारलं. भोजनालयात आता छोटी थाळी यांचीच लावणार, असं मी सांगितलं.

त्यांनी एक खाल्ला, अगदी सावकाश. मग पोटाचा सल्ला घेतल्यासारखे भिंतीकडे बघत बसले. ईराची आई ताट उचलायला आली. त्यांनी तिला थांबवलं आणि आणखी एक वाढायला सांगितला.

ईराकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मुहूर्त काढायला तू ये. तुझ्यासाठी मोठी थाळी ठेवलीय. माया मात्र आहे तेवढीच वाढत जा, तिला छोटी थाळी नको.

तुझा मंदार