गेनबांचं गप्प बसणं

धायरी, ४ जून २०२४

चि. तनयास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

गेल्या गुरुवारी सकाळी मी एक माणूस परत पाठवला. देवळामागच्या औदुंबराची वाळकी फांदी उतरवायला गेनबा गुरवांनी त्याला आणलं होतं. दत्ताच्या वारी त्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, असं मी विश्वस्त म्हणून बजावलं. शनिवारी तीच फांदी फुलं विकणाऱ्या मथुराबाईंवर पडून त्यांचा खांदा मोडला.

तुझ्या वाहिनीवर तू जुळवलेली बातमी पाहिली. फांदी का काढली नाही, या प्रश्नावर गेनबा गप्प बसून माझ्याकडे पाहतात. ते पाहणं तू कापलंस. देवाच्या कामात हयगय नको, हे मी दिवाबत्तीविषयी बोललो होतो. ते त्या गप्प बसण्याला जोडलंस. आता गाव गेनबांना दोष देतंय. रविवारच्या बैठकीत त्यांच्याकडून देवळाची पूजा काढून घेणार आहेत. मी कॅमेऱ्यापुढे खरं बोललो नाही, तो दोष माझाच. पण बातमी दुरुस्त कर.

तुझा वैजनाथमामा

मंडई, पुणे, ६ जून

ती. मामांस,
शि. सा. नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. गुरुवारचं मला ठाऊक नव्हतं. मला दोन मिनिटं मिळतात. आधी अपघात, मग प्रश्न, मग एक चेहरा. चेहरा नसला की लोक पुढे सरकतात. गेनबांचा मिळाला, लावला. चुकले.

आमचे साहेब दुरुस्तीला तयार आहेत, पण मामांना कॅमेऱ्यापुढे बसवा म्हणतात. म्हणजे त्याच जागी तुमचा चेहरा. आई म्हणते, आठ दिवस थांबा, लोक विसरतात. मलाही तेच वाटतं, आणि त्याची लाज वाटते. रागवा, पण माया कमी करू नका.

तुमची तनया

धायरी, ९ जून

चि. तनयास, आशीर्वाद.

लोक विसरतीलही. पण गेनबांच्या हातात आठ दिवस नव्हते.

तीन दिवस पूजेला बसून मनात जुळवणी करत होतो. आधी माझी भक्ती सांगावी, मग वारा, मग वाळवी, आणि शेवटी माझा नकार. म्हणजे तो लहान दिसेल. तुला रागावलो, आणि तेच काम मी देवापुढे बसून करत होतो.

आज बैठकीत पहिलं वाक्य गुरुवारचंच बोललो. मथुराबाई हात गळ्यात बांधून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, एवढं तोंड हाय तर टीव्हीवाल्यांपुढं दातखीळ बसली हुती का. मी हो म्हणालो. गेनबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पूजा त्यांच्याकडेच राहिली.

लोभ ठेवायचा की नाही, ते तू ठरव. राजीनामा देऊन बाहेर आलो, तुमच्या कॅमेऱ्यापुढे बसलो आणि तेच, त्याच क्रमाने, पुन्हा सांगितलं.

वैजनाथमामा